मिनेसोटातल्या बस बायोडिझेलमुळे बंद पडल्या नव्हत्या

आमच्या दाजींचा कोल्हापुरात ट्रान्सपोर्टचा धंदा आहे. परवा त्यांनी एक फॉरवर्ड पाठवला: "अमेरिकेत मिनेसोटा राज्याने डिझेलमध्ये २० टक्के बायोडिझेलची सक्ती केली. थंडीत डिझेल थिजलं, शाळेच्या बस बंद पडल्या, शाळेला सुट्टी द्यावी लागली. इंजिनं बाद, वॉरंटी रद्द, फायदा फक्त सोयाबीनवाल्यांचा. पेट्रोलनंतर आता आपल्या डिझेलचा नंबर!" खाली त्यांनी लिहिलं होतं, "तू तिथंच राहतोस, खरं काय ते सांग."

दाजी, शाळेला सुट्टी दिली होती हे खरं. जानेवारी २००९, मिनिआपोलिसला लागून असलेलं ब्लूमिंग्टन. कडाक्याच्या थंडीत बस बंद पडल्या आणि त्याच दिवशी बोट बायोडिझेलकडे, म्हणजे सोयाबीनसारख्या तेलापासून बनवून डिझेलमध्ये मिसळतात त्या इंधनाकडे, गेलं. पण तेव्हा राज्यात सक्ती होती फक्त २ टक्क्यांची. ५ टक्के झाले त्याच वर्षीच्या मे महिन्यात आणि २० टक्के तर २०१८ साली. जो नियम यायला नऊ वर्षं होती, त्यानं २००९ मध्ये बस कशी बंद पडेल? नंतर फिल्टरमध्ये अडकलेला पदार्थ तपासला, तर तो साध्या डिझेलमधलाच पॅराफिन, म्हणजे मेण निघाला.

हे मेण नीट समजून घ्या, कारण सगळा घोळ इथंच आहे. पौष महिन्यात आई खोबरेलाची बाटली उन्हात ठेवायची, आठवतं? आधी तेल धुरकट व्हायचं, मग पांढरं घट्ट. डिझेलचंही तसंच होतं, फक्त त्याला बरीच जास्त थंडी लागते. धुरकट झालं की मेणाचे बारीक कण फिल्टरच्या कागदावर बसतात आणि इंजिनला तेल मिळेनासं होतं. टाकी भरलेली, गाडी जागच्या जागी. सोयाबीनचं शुद्ध बायोडिझेल शून्य अंशाच्या आसपासच धुरकट व्हायला लागतं, म्हणजे साध्या डिझेलच्या बरंच आधी. हे मी नाकारत नाही, आणि कायदा करणाऱ्यांनाही ते ठाऊक होतं. म्हणूनच २० टक्के फक्त उन्हाळ्यात. ऑक्टोबर ते मार्च ५ टक्केच, आणि कडक थंडीत वापरतात त्या पातळ 'नंबर वन' डिझेलला तर सक्तीच नाही. फॉरवर्डवाल्यानं नेमका हाच भाग गाळला.

खरी चूक झाली ती २००५ मध्ये, आणि तिचा फॉरवर्डमध्ये पत्ताच नाही. २ टक्क्यांची सक्ती सप्टेंबरअखेर सुरू झाली आणि डिसेंबरात ट्रकवाल्यांचे फिल्टर धडाधड चोंदू लागले. काही माल नीट शुद्ध न करताच आला होता, त्यात ग्लिसरीन राहिलं होतं. राज्यानं सक्ती काही आठवडे थांबवली. पुढं २००८ मध्ये बायोडिझेलच्या अमेरिकी मानकात एक जादा चाचणी आली: तेल गार करून ठेवायचं आणि मग फिल्टरमधून किती वेळात उतरतं ते बघायचं. टक्केवारीपेक्षा मालाचा दर्जा गाड्या बंद पाडतो, हा धडा त्या डिसेंबरात मिळाला.

वॉरंटीबद्दल: इथल्या बहुतेक मोठ्या इंजिन कंपन्या २० टक्क्यांपर्यंतचं मिश्रण मान्य करतात. काही युरोपीय डिझेल कारच्या पुस्तिकेत मात्र ५ किंवा ७ टक्क्यांचीच मर्यादा आहे, त्या मालकांची तक्रार रास्त आहे. उन्हाळ्यात पंपावर निळं स्टिकर असतं, ते वाचून तेल भरावं लागतं. मायलेज २० टक्क्यांच्या मिश्रणाला एक-दोन टक्के कमी पडतं, बस्स.

सोयाबीनवाल्यांचा फायदा? आहेच. २००२ चा कायदा शेतकऱ्यांनी मागून घेतला, त्यात लपवण्यासारखं काही नाही. दाण्यात तेल असतं जेमतेम पाचवा हिस्सा, मुख्य मागणी पेंडीला. उरलेल्या तेलाला गिऱ्हाईक हवं होतं, ते घरच्याच राज्यात मिळालं. लातूरच्या शेतकऱ्याला असं हक्काचं गिऱ्हाईक मिळालं तर मला आनंदच होईल. पण आपण निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो, तेव्हा इथली नक्कल तिकडं चालणार नाही. भारताच्या २०१८ च्या जैवइंधन धोरणात म्हणूनच तळणीचं वापरलेलं तेल आणि अखाद्य बियांवर भर आहे. लक्ष्य आहे २०३० पर्यंत ५ टक्के, आणि अजून आपण एक टक्क्याच्याही खाली आहोत. '२० टक्के' हा आकडा तुमच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलचा. तो डिझेलला चिकटवून कुणीतरी तुम्हाला घाबरवतंय.

तुमची काळजी वेगळीच असायला हवी, दाजी. हायवेला 'बायोडिझेल' म्हणून स्वस्तात जे विकतात, त्यातल्या कित्येक पंपांवर महाराष्ट्रात आणि गुजरातमध्ये छापे पडलेत, कारण आत भलतंच औद्योगिक तेल होतं. तुमच्या ड्रायव्हरनं अशा ठिकाणी टाकी भरली असेल, तर आधी फिल्टर उघडून बघा.