अरे, पण बंद पडला कशानं?

शनिवार, रात्री साडेअकरा. गेममधल्या बॉसच्या जिवाची एवढीशी लाल पट्टी उरलेली, आणि फट्! गेम गायब. समोर डेस्कटॉपवरचा राजगड. ना एरर, ना काही. जणू मी गेम लावलाच नव्हता. महिन्यातली ही अकरावी खेप.

बरं, झालं काय ते कळावं म्हणून इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची बिघाडांची नोंदवही, उघडा. लाल खुणांची ही भलीमोठी रांग! त्यात आपली ओळ हुडकून काढली तर आकडा काय, शून्य एक्स सी, मग सहा शून्यं, मग ५. म्हणजे प्रोग्रॅमने नको त्या मेमरीत हात घातला. अहो, पण का घातला? गेममध्ये बग असला तरी हाच आकडा येऊ शकतो, ड्रायव्हर बिघडला तरी हाच, रॅम खराब असली तरी हाच. त्याआधी एकदा अख्खा पीसीच रीस्टार्ट झाला, तेव्हा 'कर्नल पॉवर ४१'. त्याचा अर्थ, मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं. हो का! मी समोरच बसलो होतो की!

मग सल्लागार मंडळी. "ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर अपडेट कर." केला. "छे, नवाच खराब आहे, जुना टाक." सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयूने (ड्रायव्हर पुसणारा प्रोग्रॅम) मुळापासून उपटला, जुना टाकला. "एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, बदल." पैसे काय झाडाला लागलेत? आणि सगळ्यांचा लाडका उपाय, "फॉरमॅट मार एकदा." मारला! दोन दिवस गेले सगळं परत टाकण्यात, तिसऱ्या दिवशी पुन्हा फट्. आईचं निदान वेगळंच, "सारखा चालू असतो, तापणारच." तापमानही बघितलं गं, ७० अंशांच्या वर जात नाही.

रॅम तपास असं एकानेही म्हणू नये? शेवटी मीच मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर लावला. सकाळी चहा घेऊन बघतो तर स्क्रीनभर लाल ओळी. रॅमच्या दोन्ही स्टिक काढल्या, सोनेरी दात खोडरबरने घासले (हसू नका, पुष्कळदा चालतं), परत लावल्या. पुन्हा लाल. मग एकेक स्टिक वेगळी लावून टेस्ट. पहिली स्वच्छ, दुसरी चोर. बायोसमध्ये (पीसीच्या मुळाशी असलेल्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम छापील वेगाने पळवणारी सोय, बंद करून तिचा वेग ३२०० वरून २६६६ वर आणला तर एक एरर नाही. म्हणजे खोक्यावर जो वेग छापलाय, ज्याचे मी पैसे मोजले, तो तिला झेपतच नाही! आणि मी महिनाभर बिचाऱ्या ग्राफिक्स कार्डाला शिव्या घालतोय.

दुकानात फोन केला. "लाइफटाइम वॉरंटी आहे साहेब, फक्त ओरिजिनल बिल आणा."

बिल आहे की. जपून ठेवलंय, खोक्यातच. थर्मल कागदाचं. दोन वर्षांत पांढरंफटक पडलंय, खिडकीशी उजेडात तिरकं धरलं तर खाली 'धन्यवाद, पुन्हा या' तेवढं दिसतं.