ईक्यूचे ‘सुवर्णनियम’ आणि काळी एकचा खर्ज

घरच्या घरी गाणं, भजन, पॉडकास्ट किंवा अभिवाचन रेकॉर्ड करणाऱ्या मंडळींमध्ये ईक्यूबद्दलचं, म्हणजे आवाजातले खालचे-वरचे पट्टे कमी-जास्त करणाऱ्या इक्वलायझरबद्दलचं, एक टिपण सतत फिरत असतं. कधी चित्र म्हणून येतं, कधी रील म्हणून. शब्द थोडे बदलतात, आज्ञा त्याच. बूस्ट (पट्टा वाढवणं) कधीच करू नका, त्याने फेज (लहरीचं वेळेतलं स्थान) बिघडतो, फक्त कट (पट्टा कमी करणं) करा. प्रत्येक ट्रॅकवर १०० हर्ट्झचा लो कट, म्हणजे त्याखालचं सगळं उतरवत नेणारा फिल्टर, लावा. हम (विजेची गुणगुण) घालवायला ६० हर्ट्झवर नॉच (अगदी अरुंद, खोल कट) मारा. ३०० ला कोंदटपणा असतो तो काढा, ३ हजारला स्पष्टता असते ती वाढवा, १२ हजारला ‘हवा’ सोडा. लिनिअर फेजच (फेज न हलवणारा ईक्यू) वापरा. फुकटचे प्लगइन (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायची छोटी सॉफ्टवेअर) टाळा. आणि खोली घुमत असली तरी चिंता नको, ईक्यू आहे ना!

सुरुवात ६० हर्ट्झपासून करू, कारण पितळ तिथेच उघडं पडतं. ६० हर्ट्झची वीज अमेरिकेत असते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हम येतो तो ५० वर आणि त्याच्या पटींत: १००, १५०, २०० आणि पुढे. ६० वर नॉच मारला की हम जिथल्या तिथे राहतो आणि आवाजाचा मात्र एक तुकडा उगाच उडतो. म्हणजे हे टिपण पुढे ढकलणाऱ्या कुणीही ते इथल्या घरात झालेल्या रेकॉर्डिंगवर करून पाहिलेलं नाही. (हम येत असेल तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून बघा. पुष्कळदा नॉचची वेळच येत नाही.) बाकीच्या आज्ञाही याच संशयाने वाचायला हव्यात.

‘फक्त कट करा, बूस्टने फेज बिघडतो.’ नेहमीच्या ईक्यू प्लगइनमध्ये फेज दोन्हींनी बदलतो. बूस्टने एका दिशेला, तेवढ्याच कटने उलट दिशेला. पडताळायचं तर एकाच ट्रॅकवर एकच साधा ईक्यू दोनदा लावा. पहिल्यात १ हजार हर्ट्झला ६ डेसिबल बूस्ट, दुसऱ्यात त्याच ठिकाणी, त्याच क्यूने (पट्ट्याच्या तेवढ्याच रुंदीने) ६ डेसिबल कट. निघालेला ट्रॅक मूळ ट्रॅकशी पोलॅरिटी उलटवून (लहर उलटी करून) मिसळा. बहुतेक साध्या ईक्यूंमध्ये हाती येते ती शांतता. बूस्टने आवाजाला कायमची इजा होत असती तर ती कटने अशी पुसली गेली नसती. शिवाय खालचा आणि वरचा भाग तीन-तीन डेसिबल कापून सगळा ट्रॅक तीन डेसिबल वाढवला, तर मधला भाग बूस्ट केल्यासारखंच झालं. प्लगइनला तुमचा हेतू कळत नाही, त्याला वक्र कळतो.

मग ही आज्ञा आली कुठून? लाइव्ह कार्यक्रमातून. स्टेजवर माइक आणि स्पीकर समोरासमोर असतात, तिथे बूस्ट म्हणजे शिट्टीला आमंत्रण. टेपच्या जमान्यात वरचा पट्टा उचलला की टेपची खरखरही उचलली जायची. दोन्ही कारणं खरी होती, पण ३२ बिट फ्लोटमध्ये, म्हणजे संगणकावरच्या आकडेमोडीत, चालणाऱ्या प्रोजेक्टला त्यांतलं एकही जसंच्या तसं लागू नाही. एक गोष्ट मात्र या आज्ञेच्या बाजूने मान्य करावीच लागेल: बूस्ट केलं की आवाज एकूण मोठा होतो, आणि मोठा आवाज कानाला बहुतेक वेळा चांगलाच वाटतो. त्यावर उपाय म्हणजे ईक्यूनंतरचा गेन कमी करून आधीची आणि नंतरची पातळी सारखी करायची आणि मगच बायपासचं (ईक्यू बंद-चालू करणारं) बटण दाबून तुलना करायची. निम्मे ‘सुधारलेले’ आवाज या एका परीक्षेत नापास होतात.

आता १०० हर्ट्झचा सरसकट लो कट. माझ्या मते या टिपणातली सगळ्यात नुकसानकारक आज्ञा हीच, आणि आपल्या संगीताला तर विशेष.

काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीत) गाणारा गायक घ्या. त्याचा मध्य सा साधारण १३८.६ हर्ट्झ. तानपुऱ्याच्या जोडाच्या तारा तिथेच, पहिल्या तारेवरचा मंद्र पंचम साधारण १०४ वर, आणि खर्ज, म्हणजे खालचा सा, ६९.३ वर. या ट्रॅकला १०० हर्ट्झचा, सप्तकाला १२ डेसिबल उताराचा लो कट लावला की खर्जाचा मूळ स्वर सुमारे ७ डेसिबलने खाली जातो. २४ चा उतार निवडला तर १३ डेसिबलने. पंचम कटाच्या उंबरठ्यावरच उभा आहे, त्याचेही अडीच-एक डेसिबल जातात. जवारीमुळे, म्हणजे तारांच्या झंकारामुळे, तानपुऱ्याचे वरचे स्वरांश इतके भरगच्च असतात की त्यांच्यावरून कान खर्ज ओळखतोच. सूर काही नाहीसा होत नाही. जातं ते तानपुऱ्याचं बूड. मग तोच माणूस विचारतो, रेकॉर्डिंग पातळ का वाटतंय, आणि २०० ला बूस्ट करतो.

डग्ग्याचं आणखी वेगळं. डग्ग्यावर मनगट सरकवलं की स्वर शंभराच्या आजूबाजूला वरखाली होतो. तिथेच फिल्टरचा उतार असेल तर स्वर चढताना आवाजही वाढतो आणि उतरताना विरतो. वादकाने न केलेली लय-नक्षी प्लगइन करून ठेवतो.

तरी लो कट टाकाऊ नाही. निवेदन करणाऱ्या बाईच्या आवाजाला शंभराचा कट बहुधा खुपत नाही, कारण त्याखाली पंखा, रस्ता आणि टेबलाची धडधड याशिवाय फारसं काही नसतं. पुरुषाचा बोलण्यातला मूळ स्वर मात्र पुष्कळदा ८५ ते १८० च्या दरम्यान असतो, तिथे ६०-७० वर थांबावं. आणि तानपुऱ्याला कट हवाच असेल तर खर्ज कुठे आहे ते बघून त्याच्या बऱ्यापैकी खाली लावावा. आधी पट्टी विचारायची, मग आकडा ठरवायचा.

३००, ३ हजार, १२ हजार या तक्त्याचं दुखणं हेच आहे: त्याने कुणाचीच पट्टी विचारलेली नाही. त्याच्या जोडीला एक युक्तीही शिकवली जाते. बारीक क्यूचा बूस्ट १२ डेसिबल वर न्या, इकडून तिकडे फिरवा, जिथे घाण ऐकू येईल तिथे कट करा. अहो, १२ डेसिबल उचलल्यावर कुठलीही फ्रीक्वेन्सी घाणच वाटते! असे पाच-सहा खड्डे पाडले की आवाज चाळणी होतो. काय खटकतंय ते आधी ईक्यूशिवाय ऐकून सांगता आलं पाहिजे: आवाज कोंदलाय, नाकात येतोय, की ‘स’ टोचतोय. ‘स’ टोचत असेल तर स्थिर कट कशाला, तो सगळ्याच अक्षरांना बसतो. तिथे डी-एसर किंवा डायनॅमिक ईक्यू, म्हणजे आवाज टोचेल तेवढ्यापुरताच कट करणारा, लागतो. १२ हजारच्या ‘हवे’बद्दल एवढंच, की ब्लूटूथ हेडसेटच्या माइकवरून रेकॉर्ड झालेल्या आवाजात बहुधा ८ हजारच्या वर काही उरलेलंच नसतं. तिथे शेल्फ (एका आकड्याच्या पलीकडचं सगळं उचलणारा किंवा उतरवणारा ईक्यू) कितीही उचला, काय येणार?

लिनिअर फेजला टिपणात ‘शुद्ध’ म्हटलंय. या शुद्धतेची किंमत आहे. फेज न हलवण्यासाठी हा फिल्टर काळाच्या दोन्ही बाजूंना सारखा पसरतो, म्हणजे त्याचा काही अंश मूळ आवाजाच्या आधी ऐकू येतो. तबल्याच्या चाटेवरचा कडक ‘ना’ आणि सोबत उभ्या उताराचा कट असला की थापेच्या आधी एक पुसट सावली लागते. ४८ हजारच्या सॅम्पल रेटवर ४,०९६ टॅपचा, म्हणजे तेवढ्या सॅम्पलांच्या लांबीचा, फिल्टर आवाज सुमारे ४३ मिलिसेकंद उशिरा बाहेर सोडतो. हेडफोन लावून गाणाऱ्याला हे सहन होत नाही. उलट, माइक तोंडाशी धरल्याने फुगलेला खालचा पट्टा साध्या ईक्यूच्या लो शेल्फने कमी केला, तर पातळीबरोबर फेजही बराचसा पूर्ववत होतो. लिनिअर फेज फक्त पातळी सुधारतो. एकाच आवाजाच्या दोन प्रती समांतर चालवून एकीवरच ईक्यू करायचा असेल, तर लिनिअर फेज जरूर काढावा. एरवी नको.

फुकट प्लगइनबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरसोबत येणारा रीईक्यू किंवा ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरचा फिल्टर कर्व्ह रोजच्या कामाला पुरून उरतो, आणि टीडीआर नोव्हासारखा डायनॅमिक ईक्यूही फुकट मिळतो. फरक असतो तो दोन ठिकाणी. काही साध्या ईक्यूंचा वक्र अगदी वरच्या टोकाला, १० हजारच्या पुढे, आकसतो. महागडे बरेच प्लगइन ते टाळतात. आणि जुन्या पल्टेकसारख्या ईक्यू यंत्रांची नक्कल करणारे प्लगइन ईक्यूसोबत थोडं डिस्टॉर्शन घालतात. ते आवडलं तर खुशाल घ्या, पण पैसे डिस्टॉर्शनचे मोजताय हे ठाऊक असू द्या.

राहिली घुमणारी खोली. टेबलावर माइक ठेवलाय, माइक आणि तोंड दोन्ही टेबलापासून २५ सेंटीमीटर वर, एकमेकांपासून ३० सेंटीमीटर. थेट आवाज ३० सेंटीमीटर चालतो, टेबलावर आपटून येणारा साधारण ५८. या २८ सेंटीमीटरच्या फरकामुळे दोन्ही आवाज सुमारे ६०० हर्ट्झवर एकमेकांना मारतात, मग १,८०० वर, मग ३ हजारवर. नेमकं जिथे टिपण म्हणतं ‘स्पष्टता वाढवा’. वाढवायला गेलात तर उचलले जातात खड्ड्याचे काठ. बरं, खड्डा हेरून भरायचा म्हटलं, तर बोलणारा दहा सेंटीमीटर पुढे झुकला की गणित बदलतं: खड्डे ५०० आणि १,५०० कडे सरकतात आणि ३ हजारला खड्ड्याच्या जागी उंचवटा येतो. माणूस बोलताना हलतोच. त्याच्या मागे ईक्यू कुठवर पळवणार? आणि भिंतींवरून परतणारा घुमारा तर शब्द संपल्यावर येतो; ईक्यू त्याचा रंग बदलेल, लांबी कमी करणार नाही.

हे काम रेकॉर्डचं बटण दाबण्याआधीचं आहे. टेबलावर जाड गोधडी पसरा किंवा माइक टेबलावरून उचलून स्टँडवर घ्या, तोंडापासून वीतभर अंतरावर आणि जरा तिरका. पाठीमागे कपड्यांचं कपाट उघडं ठेवा. एवढं केल्यावर निवेदनाच्या ट्रॅकवर ईक्यूला बहुधा एक लो कट आणि दोन-तीन डेसिबलचा एखादा शेल्फ, एवढंच काम उरतं.