लुगिया पाण्यातला आहे, पाण्याचा नाही

गेल्या महिन्यापासून आमच्या भागातल्या पोट्ट्यांच्या ग्रुपवर पोकेमॉन या जपानी गेम-कार्टूनमधल्या लुगिया नावाच्या प्राण्याबद्दल एक मेसेज फिरून राहिला. शाळेच्या ग्रुपवर आला, क्रिकेटच्या ग्रुपवर आला, शेवटी कापसाचे भाव टाकतात त्या ग्रुपवरही कोणीतरी ढकलला. मजकूर थोडक्यात असा: ‘लुगिया हा वॉटर टाइप पोकेमॉन आहे, कंपनी मान्य करत नाही. तो आधी गेममध्ये आला, मग सिनेमात. तो दिसला की वादळ थांबतं. त्याला कोणीच हरवू शकत नाही. तो म्हणजे आपला गरुड, जपान्यांनी उचलला. लोणारच्या खाऱ्या पाण्यात तो निघतो. अकरा ग्रुपवर पाठवा, लुगिया मिळेल.’

मी आर्वीकडचा. मुंबईचा समुद्र आमच्यापासून रेल्वेनं साडेसातशे किलोमीटरच्या आसपास. गावातल्या निम्म्या पोट्ट्यांनी तो पाहिलेला नाही, पण लुगियावर, म्हणजे गोष्टीतल्या समुद्राच्या राखणदारावर, त्यांचा भलता जीव. माझा भाचा तर त्याला लाडानं ‘लुग्या’ म्हणतो. त्याच्यासाठीच हे लिहायला बसलो, कारण मेसेजमधल्या पहिल्याच वाक्यानं त्याचा घात केला.

झालं असं. तालुक्याच्या एसटी स्टँडमागच्या मारुतीच्या देवळावर पोकेमॉन गोचं, म्हणजे खऱ्या जागी जाऊन खेळायच्या मोबाईल गेमचं, जिम आहे; जिम म्हणजे लढाईची जागा. तिथं लुगियाची रेड लागली, म्हणजे सगळ्यांनी मिळून ठरल्या वेळात त्याला हरवायचं. आमच्या गावात ना जिम, ना गेममधलं सामान मिळायचा धड स्टॉप, म्हणून भाचा आणि त्याचे तीन मित्र दोन गाड्यांवर बसून गेले. तिथले तीन पोट्टे आधीच पोचले होते. सात जण, तीनशे सेकंद. मी पारावर चहा घेऊन भाच्याच्या खांद्यावरून पाहत होतो. त्यानं काढलेली फौज: तीन व्हीनसॉर, दोन सेप्टाइल, एक एक्झेगटर. सगळं हिरवं, म्हणजे ग्रास टाइपचं. मी म्हटलं, “अरे, हे काऊन?” तर म्हणतो, “मामा, तो वॉटर हाय ना. पाण्यावर ग्रास चालते.” घड्याळ शून्यावर आलं तेव्हा लुगियाच्या जीवाच्या पट्टीत बोटभर लाल उरलं होतं. परतीच्या वाटेवर पोट्टा अर्धा तास बोलला नाही.

आता हिशेब मांडू. पोकेमॉनचा टाइप म्हणजे त्याचा प्रकार; कोणता हल्ला त्याला जोरात लागणार, हे त्यावर ठरतं. लुगियाचा टाइप सायकिक (मनोबलाचा) आणि फ्लाइंग (उडणारा). पहिल्या दिवसापासून तोच आहे, मधे बदललेला नाही. ग्रासचा हल्ला सायकिकवर साधाच बसतो, पण फ्लाइंगवर बोथट होतो. गोमध्ये तो ०.६२५ पट लागतो. म्हणजे व्हीनसॉरनं शंभर रुपयांचा फटका मारला, तर लुगियाच्या अंगावर साडेबासष्टच जमा. आणि गंमत पाहा. मेसेजवाल्याचं खरं धरून लुगियाला वॉटर-फ्लाइंग केलं असतं तरी भाच्याचा फायदा नव्हता. वॉटरमुळं जेवढा वाढला, तेवढाच फ्लाइंगमुळं कमी होऊन हल्ला जागच्या जागी. हिरवी फौज दोन्ही हिशेबांत वायाच.

त्या दिवशी दुसऱ्या गावचा एक पोट्टा रायकू हा इलेक्ट्रिक टाइपचा पोकेमॉन घेऊन आला होता. त्याचा इलेक्ट्रिक हल्ला चांगला लागला, आणि तो छाती फुगवून म्हणाला, “पाह्य, वॉटर हाय म्हणूनच लागला!” नाही रे बाप्पा. तो लागला फ्लाइंगमुळं. कारण चुकीचं, उत्तर बरोबर. आमच्या इकडं पेरणीचे अंदाजही असेच बरोबर येतात.

खरी कसोटी बर्फाची आणि भुताची. आइसचा हल्ला लुगियावर जोरात बसतो, घोस्टचा आणि डार्कचाही बसतो. तो वॉटर-फ्लाइंग असता तर या तिघांतला एकही जोरात बसला नसता. घोस्टवाला गेंगार घेऊन एकदा लढून पाहा, आकडे डोळ्यांसमोर येतील. खडक फेकणारे रॉकवालेही चालतात. जमिनीचे हल्ले मात्र मूळ गेममध्ये, म्हणजे गोच्या आधीपासूनच्या पोकेमॉन गेममध्ये, त्याला शिवतसुद्धा नाहीत.

वॉटरवाल्यांचा सगळ्यात जोरदार पुरावा म्हणजे लुगियाला हायड्रो पंप हा पाण्याचा हल्ला येतो. येतोच. १९९९ च्या गोल्ड-सिल्व्हर या मूळ गेमपासून येतो, सर्फही शिकवता येतो. पण मूळ गेमचा नियम असा की आपल्या टाइपचा हल्ला मारला तर त्याला दीडपट धार येते. लुगियाच्या हायड्रो पंपला ती येत नाही. त्या गेममध्ये हायड्रो पंपची ताकद १२०, आणि शंभरातले वीस वार हुकायचे. लुगियाचा स्वतःचा हल्ला एअरोब्लास्ट, ताकद १००, पण फ्लाइंगचा असल्यामुळं त्याच्या हातून तो १५० चा होतो आणि शंभरातले पाचच वार हुकतात. पाणी ही त्याची उसनी विद्या. आमच्या गावचा सुतार वेल्डिंगही करतो, म्हणून त्याला कोणी लोहार म्हणत नाही.

पण मग तो समुद्राच्या तळाशी का राहतो? हा प्रश्न भाच्यानं विचारला, आणि प्रश्न रास्त आहे. याचं उत्तर गोल्डच्या पोकेडेक्समध्येच, म्हणजे गेममधल्या माहितीकोशातच, आहे: त्याची ताकद फार जास्त, म्हणून तो तळाशी गुपचूप राहतो. पुढं रुबी या गेममध्ये तर पंख हलकेच हलवले तरी घरं उडून जातात, असं लिहिलंय. म्हणजे समुद्र हा त्याचा पिंड नाही, वनवास आहे. पोकेडेक्समध्ये त्याची जात दिलीय तिचा अर्थ बुडी मारणारा. निम्न वर्धा धरणाच्या पाण्यावर सकाळी जाऊन पाणकावळा पाहा. सूर मारून आत जातो, मासा घेऊन बाहेर येतो आणि मग वाळलेल्या बाभळीवर पंख पसरून तासभर उन्हात बसतो. पाण्याची पदवी मिळाली असती तर पंख वाळवत बसला असता का? पाणकावळा पाण्यावर जगतो, पण मासा होत नाही.

वॉटर टाइपचा समुद्रवाला दंतकथेतला पोकेमॉन हवाच असेल तर क्योगर आहे ना. निव्वळ वॉटर. समुद्र वाढवला तोच त्यानं, असं त्याच्याबद्दल सांगतात. आणि गॅराडोस पाहा. धड पंख नाहीत, तरी वॉटर-फ्लाइंग. रूप पाहून टाइप ठरवायला गेलं की असं फसायला होतं.

‘आधी गेममध्ये, मग सिनेमात.’ हे उलटं आहे. पोकेमॉनचा दुसरा सिनेमा जपानात १७ जुलै १९९९ ला लागला, गोल्ड-सिल्व्हर २१ नोव्हेंबर १९९९ ला आले. चार महिन्यांचं अंतर. लुगिया घडवला तो मालिकेचे लेखक ताकेशी शुडो यांनी, सिनेमासाठी. तो गेममध्येही आल्याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं होतं. त्यांच्या मनात लुगिया आईसारखा होता, पडद्यावर आवाज मात्र पुरुषाचा आला. गेमनं हा घोळ वेगळाच मिटवला: तिथं लुगियाला ना नर, ना मादी. म्हणून ‘लुग्या’ म्हणायचं की ‘लुगी’, यावर आमच्याकडच्या पोट्ट्यांची भांडणं अजून चालू आहेत, त्यात मी पडत नाही.

वादळाचा मुद्दा अर्धा खरा, म्हणून जास्त धोक्याचा. क्रिस्टलच्या पोकेडेक्समध्ये त्याला खवळलेलं वादळ शमवता येतं, असं आहेच. पण तिथंच पुढं म्हटलंय की वादळ सुरू झालं की तो दिसतो. फायररेडमध्ये त्याहून कडक: पंख फडफडवले तर चाळीस दिवसांचं वादळ उठतं. म्हणजे ज्याच्यावर वादळ थांबवण्याचा भरवसा, त्याच्याच पंखांत चाळीस दिवसांचं वादळ. राखणदारानं आपली ताकद तळाशी दाबून ठेवलीय, त्याच्या गोष्टीतली सगळी रंगत तिथं आहे. ‘तो दिसला की थांबतं’ एवढंच सांगितलं की ती रंगत गेली.

आमच्याकडं मृगाच्या आसपास पावशा ओरडतो, ‘पेरते व्हा, पेरते व्हा’. पावशानं पाऊस आणला असं म्हातारी माणसंसुद्धा म्हणत नाहीत. पाऊस यायच्या वेळेला तो ओरडतो, एवढंच. सिनेमातही लुगिया एकटा काही थांबवत नाही. हवामान बिघडतं ते एका हौशी माणसामुळं, ज्याला आग, बर्फ आणि विजेचे तीन पक्षी आपल्या संग्रहात हवे असतात. मग नायकाला, म्हणजे ॲशला, तीन बेटांवरचे तीन गोल गोळा करावे लागतात, बेटावरच्या मुलीला पावा वाजवावा लागतो, तेव्हा कुठं निवतं. लुगिया त्यात राबतो, मार खातो.

‘कोणीच हरवू शकत नाही’ याला फार वेळ देत नाही. मूळ गेममध्ये सहा गुणांची बेरीज लुगियाची ६८०. दुसऱ्या बलवान पोकेमॉनपैकी म्यूटूचीही ६८०, हो-ओहचीही ६८०. आर्सियसची ७२०. फरक एवढाच की म्यूटूचे १५४ स्पेशल हल्ल्यात आहेत आणि लुगियाचे १५४ स्पेशल बचावात. हल्ल्याचे दोन्ही आकडे नव्वद-नव्वद. लुगिया मारणारा नाही, सोसणारा आहे. भिंत पाडायला वेळ लागतो, म्हणून ती पडतच नाही असं नाही. सात पोट्ट्यांनी निम्मी फौज चुकीची आणूनही ती बोटभर उरेपर्यंत आणलीच होती.

आता गरुड. हा मुद्दा वाचून गावातले दोन-तीन मोठे माणूसही तापले, म्हणून जरा सावकाश.

गरुड हा विनतेचा मुलगा. आईची दास्यातून सुटका करायला अमृत आणायला गेला, नागांचा वैरी झाला, विष्णूचं वाहन झाला. आमच्या विठ्ठलाच्या देवळात तो देवापुढं हात जोडून बसलेला आहे, नाक चोचीसारखं बाकदार. आता लुगिया पाहा: पांढरं-करडं अंग, पोटाखाली निळं, लांब मान, पंखांची टोकं माणसाच्या बोटांसारखी, पाठीवर काटे. नागाशी वैर नाही, अमृत नाही, आई दास्यात नाही. कोणाचं वाहनही नाही. सिनेमात ॲश त्याच्या पाठीवर बसतो हे खरं, पण एवढ्यावर वाहन म्हणायचं तर पोळ्याच्या दिवशी गावातला प्रत्येक बैल नंदी होईल.

आणि समुद्र तर आपल्याकडं गरुडाचा नव्हेच. तो वरुणाचा, आणि वरुणाचं वाहन मकर. कोणाला ओढूनताणून नातं जोडायचंच असेल तर त्यानं मकरापासून सुरुवात करावी. फक्त मकराला पंख नाहीत.

राहिलं ‘उचलला’. जपान्यांना गरुड चोरायची गरजच नव्हती. तो त्यांच्याकडं बौद्ध धर्माबरोबर राजरोस पोचला, करुरा या नावानं. नारा शहरातल्या कोफुकुजी मठात धर्माच्या आठ रक्षकांच्या मूर्ती आहेत, त्यात तो उभा आहे, चोचीसकट. त्या मूर्ती सन ७३४ मधल्या. बाराशे वर्षं ज्याला ते आपल्या मठात जपून राहिले, त्याला १९९९ मध्ये चोरून आणून वर नाव बदलायचं, हे कशासाठी? चाहते लुगियाचं नातं जुळवतात ते बहुतेक र्‍यूजिन या जपानी समुद्रदेवतेशी, म्हणजे ड्रॅगनशी. तोही अंदाजच, पण निदान समुद्रातला.

लोणारचा मुद्दा मला मनापासून आवडला. खारं पाणी म्हणजे समुद्र, आणि विदर्भात नाव घेण्याजोगं खारं पाणी लोणारचं, म्हणून लुगिया तिथं. पोट्ट्यांचं डोकं चालतं, यात शंका नाही. पण बुलढाण्याचं ते सरोवर उल्केच्या आघातानं बेसाल्टात पडलेलं विवर आहे, व्यास साधारण १.८ किलोमीटर. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेही मीठ आवडणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळं. समुद्राशी त्याचा संबंध चवीपुरता. तिथं दैत्यसूदनाचं देऊळ आहे, ते पाहायला जरूर जा. पण मोबाईल धरून पाण्याच्या काठानं फिरत बसू नका. पोकेमॉन गोमध्ये लुगिया रानात उगवत नाही, तो रेडमध्ये येतो, नाहीतर गेममधल्या रॉकेट या खलनायक टोळीकडून काळवंडलेल्या सावलीरूपात. मूळ गेममध्येही तो असा कुठंही सापडत नाही. गोल्ड-सिल्व्हरमध्ये व्हर्ल आयलंड्सच्या गुहेत, हातात सिल्व्हर विंग हे पीस असेल तरच. सिल्व्हरमध्ये चाळिसाव्या लेव्हलचा, गोल्डमध्ये सत्तराव्या.

पुढच्या रेडसाठी भाच्याची फौज मी बसवून दिली: दोन रायकू, दोन टायरानिटार (रॉक-डार्कवाले), एक गेंगार, एक मामोस्वाइन (आइसवाला). व्हीनसॉर घरी.

राहता राहिलं ‘अकरा ग्रुपवर पाठवा’. भाच्यानं पाठवला होता, मला न सांगता. सोबत लुगियाचा एक व्हिडिओ जोडून. संध्याकाळी त्याला मेसेज आला, आजचा डेटा संपला म्हणून.