मुंग्या गेल्या, चौकोन आले : डिजिटल टीव्ही लावायची सोप्पी पद्धत

सगळ्यात आधी अभिनंदन! तुमचा टीव्ही डिजिटल होणार. म्हणजे टीव्ही आहे तोच राहणार, धावपळ तेवढी तुमची होणार, पण ते जाहिरातीत सांगत नाहीत. जाहिरातीत एक गोड कुटुंब सोफ्यावर बसून हसत असतं आणि समोर चित्र इतकं लख्ख की हिरोच्या कपाळावरचे घामाचे थेंब मोजून घ्या. त्या कुटुंबातलं कोणीही गच्चीवर दिसत नाही, तेवढं बघून ठेवा.

जुन्या अ‍ॅनालॉगची काय ती थेरं होती! सिग्नल कमी पडला की मुंग्या यायच्या, समोर उंच इमारत असली की प्रत्येक माणसाच्या शेजारी त्याचंच पुसट भूत उभं राहायचं, पण बातम्या देणारी बाई मुंग्यांच्या पलीकडून का होईना बोलत असायची आणि आपण ऐकत असायचो. डिजिटलला असली तडजोड अजिबात चालत नाही. द्यायचं तर टकाटक, नाहीतर काहीच नाही. सिग्नल हळूहळू घटत असतो तोवर सेटटॉप बॉक्स आतल्या आत चुका दुरुस्त करत बसतो, तुम्हाला पत्ताही लागू देत नाही, आणि एकदा का त्याच्या हाताबाहेर गेलं की थेट कडेलोट. इंजिनिअर लोकही याला कडाच म्हणतात, मी मनाचं सांगत नाहीये. आधी हिरोच्या तोंडाचे चौकोन, मग आवाजाला उचक्या, मग काळा पडदा आणि वर 'नो सिग्नल'. हे नेमकं खुनी कोण ते कळायच्या वेळीच होतं, त्याला तांत्रिक कारण काही नाही, पण होतं.

तर पहिलं काम, दुकानात जाऊन 'डिजिटल अँटेना' मागा. अँटेना म्हणजे शेवटी धातूच्या काड्या, येणारी लहर अ‍ॅनालॉग आहे का डिजिटल ते त्याला कळतही नाही, त्याला कळते फक्त फ्रिक्वेन्सी, यूएचएफला (म्हणजे वरच्या फ्रिक्वेन्सीला) वीतभर काड्या पुरतात आणि व्हीएचएफला (म्हणजे खालच्या फ्रिक्वेन्सीला) लांबलचक लागतात एवढाच काय तो विषय. पण हे दुकानदाराला सांगून त्याचा दिवस खराब करू नका, खोक्यावर 'डिजिटल' लिहिल्याचे जास्तीचे पैसे द्या आणि गच्चीवरचा जुना चांगला चालणारा अँटेना भंगारात घाला. अमेरिकेत डिजिटल चॅनेल आधी बहुतेक यूएचएफवर होते म्हणून लोकांनी हौसेने छोटा यूएचएफवाला घेतला, आणि १२ जून २००९ ला अ‍ॅनालॉग बंद झालं त्याच दिवशी काही स्टेशनं आपलं डिजिटल बिऱ्हाड उचलून परत व्हीएचएफवर राहायला गेली. काड्या पडल्या आखूड. टीव्हीवर चॅनेलचा नंबर मात्र जुनाच दिसतो हं, कारण तो नंबर आता नुसती दारावरची पाटी, आत फ्रिक्वेन्सी भलतीच असते.

जुनं प्रक्षेपण बंद व्हायच्या तारखेचं टेन्शन घेऊ नका, ती बदलते. अमेरिकेत आधी १७ फेब्रुवारी २००९ ठरली होती. सरकारने सेटटॉप बॉक्ससाठी सवलतीचं कूपन काढलं, ४० डॉलरचं, घरटी दोन, आणि मुदत फक्त ९० दिवस. ज्यांनी शहाण्यासारखं पहिल्याच फटक्यात मागवलं त्यातल्या काहींना कूपन मिळालं पण दुकानात बॉक्सच नाहीत, आणि ज्यांनी निवांत मागवलं त्यांच्यापर्यंत पैसे संपून वेटिंग लिस्ट लागलेली. मग ढकलली तारीख जूनवर. त्यामुळे माझा सल्ला असा की कूपन लवकरही मागवू नका आणि उशिराही मागवू नका. जपानने हा गोंधळ टाळला, तिथे शिस्त. अ‍ॅनालॉगवाल्यांच्या पडद्याच्या कोपऱ्यात कायमचा 'अ‍ॅनालॉग' असा शिक्का, शेवटी शेवटी तर 'इतके दिवस उरले' अशी मोठ्या आकड्यात उलटी मोजणी, आणि २४ जुलै २०११ ला भर दुपारी १२ वाजता जवळजवळ सगळ्या देशात कार्यक्रम बंद. भाडेकरूला घराबाहेर काढायचं तर असं काढावं.

आता मुख्य कार्यक्रम, अँटेना फिरवणे. पूर्वी हे काम कोणीही करायचं. वरून 'आलं का?', खालून 'अजून थोडं... अजून... बस्स!', मुंग्या कमी होताना डोळ्यांना दिसायच्या. आता अँटेना बरोबर जागी आला तरी बॉक्सला सिग्नल धरून चित्र जुळवायला दोनतीन सेकंद लागतात, तेवढ्यात वरचा माणूस पुढे सरकलेला असतो. आमच्याकडे दादा गच्चीवर, वहिनी जिन्यात निरोप पोचवायला आणि मी टीव्हीसमोर. मी 'आलं' म्हणायचो, वहिनी 'आलं' म्हणायची, आणि ते दादाच्या कानावर पडेपर्यंत गेलेलं असायचं. मग 'गेलं' वर पोचायचं तेव्हा तो परत त्याच जागेवर आलेला, की लगेच बिचारा तिथून हलायचा. तासभर हा उद्योग चालला, शेवटी वहिनी म्हणाली तुम्ही दोघं जागा बदला, मी बघते टीव्ही. ती मालिका बघायला बसली असती, पण मालिका कुठे होती, तिथे सिग्नलचा मीटर होता, स्ट्रेंथ ९५ आणि क्वालिटी ०. याचा अर्थ सोपा आहे, भोंगा कानठळ्या बसवतोय पण शब्द एक कळत नाहीये, कारण तोच सिग्नल चार भिंतींवर आपटून चार वेळा पोचतोय. अशा वेळी बूस्टर जरूर लावा. बूस्टर सिग्नलबरोबर खरखरही तितक्याच प्रेमाने वाढवतो, आणि टॉवर जवळ असेल तर ट्यूनरचं डोकं असं फिरवतो की येत होते ते दोन चॅनेलही जातात.

दोन्ही प्रक्षेपणं एकदम चालू असतात त्या काळात मॅच बघताना जरा जपून, कारण डिजिटल दोनचार सेकंद मागे असतं. तुमचा खेळाडू अजून बॉल घेऊन पळतोय आणि भिंतीपलीकडे अ‍ॅनालॉगवाले 'गोऽऽल' करून मोकळे. शेजाऱ्याशी भांडण काढायला इतकं स्वच्छ कारण परत मिळणार नाही.

आणि हे सगळं कशासाठी असं विचारू नका. रिकाम्या झालेल्या लहरींना गिऱ्हाईक असतं, अमेरिकेत २००८ च्या लिलावात सुमारे १९ अब्ज डॉलर आले. ब्रिटनमध्ये त्या मोकळ्या जागेत ४जी आलं आणि ४जीमुळे टीव्हीला त्रास होईल म्हणून घरांना फिल्टर पाठवावे लागले. म्हणजे पाहुण्याला खोली दिली आणि मग घरच्यांना कानात घालायला कापूस वाटला.

आता शेवटचं, रिस्कॅन. चॅनेल गेला की रिस्कॅन, आला तरी रिस्कॅन. यात बॉक्स आधी होतं नव्हतं ते सगळं पुसतो आणि मग नव्याने शोधायला निघतो. तर असं करा, तुम्ही जा गच्चीवर, अँटेना धरा, मी बसतो इथे रिमोट घेऊन, तीनपैकी कुठला ते बघतो आधी. हां, झालं सुरू. १२ टक्के, सापडले शून्य. हलू नका. ४३ टक्के, शून्य. डावीकडे जरा... नको नको, होता तिथेच. ७१. थांबा थांबा, सापडला एक! रेडिओ आहे. पण आवाज काय क्लिअर आहे म्हणून सांगू!