वैमानिकाच्या हेडसेटला ब्लूटूथ: ‘दोन तारा सोल्डर करा’ हा सल्ला कुठे चुकतो

छोट्या विमानांचे वैमानिक आणि इलेक्ट्रॉनिक्सची आवड असणारी मंडळी यांच्यात एक सल्ला बराच फिरतो. तो थोडक्यात असा: तारेच्या जुन्या हेडसेटला ब्लूटूथ हवे असेल, तर नवा महाग हेडसेट घेण्याची गरज नाही. काही शे रुपयांचा ब्लूटूथ रिसीव्हर घ्यावा, त्याच्या दोन तारा कानातल्या स्पीकरच्या दोन टोकांना सोल्डर कराव्यात आणि बॅटरी इअरकपमध्ये बसवावी, म्हणजे गाणी, टॅब्लेटवरील सूचना आणि फोनवरचे संभाषण त्याच हेडसेटमध्ये ऐकू येते. ब्लूटूथच्या लहरी क्षीण असल्याने विमानाला बाधा होत नाही, बॅटरी संपलीच तर फक्त गाणी थांबतात आणि हवाई वाहतूक नियंत्रकाने हाक मारली तर ती ऐकू येतेच, असेही त्याला जोडून सांगितले जाते. बारामती, धुळे किंवा गोंदिया येथे उड्डाण शिकणाऱ्या विद्यार्थ्याला प्रशिक्षणाच्या खर्चातच हेडसेटचीही तजवीज करायची असते, तेव्हा स्वस्त उपायाचे आकर्षण मला पूर्णपणे समजते. हेडसेटला बिनतारी आवाज जोडण्याला माझा विरोधही नाही. माझा विरोध आहे तो या जोडणीच्या रीतीला, कारण तिच्यामुळे धोक्यात येतो तो रेडिओचा आवाज.

लहरींच्या मुद्द्यावर हा सल्ला बव्हंशी बरोबर आहे, हे आधी मान्य करतो. ब्लूटूथ 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते, तर विमानातील संभाषणाचा रेडिओ 118 ते 137 मेगाहर्ट्झमध्ये, दिशा आणि धावपट्टीची रेषा दाखवणाऱ्या व्हीओआर आणि लोकलायझर या यंत्रणा त्याच्या लगेच खाली, आणि जीपीएसचा मुख्य संकेत 1575.42 मेगाहर्ट्झवर असतो. अशा उपकरणांची प्रक्षेपणशक्ती बहुधा 2.5 मिलिवॉटच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. तरीही यातून सरसकट परवानगीचा अर्थ काढता येत नाही. अमेरिकेच्या उड्डाण नियमांतील कलम 91.21 नुसार, उपकरणनियमांखाली (बाहेर बघून नव्हे, तर उपकरणांच्या आधारे उडण्याच्या नियमांखाली) उडणाऱ्या खासगी विमानात असे उपकरण वापरायचे असेल, तर त्याचा व्यत्यय येत नाही हे वैमानिकाने किंवा विमान चालवणाऱ्याने ठरवायचे असते. प्रशिक्षण संस्थेच्या विमानात तर हा निर्णय विद्यार्थ्याने एकट्याने घेण्याचा नाहीच. शिवाय प्रत्यक्षात त्रास होतो तो हवेतून क्वचित आणि तारेतून बहुधा. ब्लूटूथ चिप 625 मायक्रोसेकंदांच्या टप्प्यांत काम करते आणि प्रत्येक प्रक्षेपणाला विजेचा झटका ओढते. या झटक्यांची लय कानाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यात पडते, त्यामुळे ग्राउंडची (सर्किटच्या शून्य व्होल्टच्या सामाईक तारेची) जोडणी निष्काळजीपणे केली की हेडसेटमध्ये सतत बारीक गुणगुण राहते.

खरी चूक ‘स्पीकरच्या दोन टोकांना’ या शब्दांत आहे. छोट्या विमानांतील हेडसेटचा रोध (इम्पीडन्स) साधारण 150 ते 300 ओहम असतो आणि विमानाचा इंटरकॉम (रेडिओ आणि विमानातले बोलणे हेडसेटपर्यंत नेणारी यंत्रणा) त्याच हिशेबाने बनवलेला असतो. ब्लूटूथ रिसीव्हरमधील अ‍ॅम्प्लिफायरचा निर्गम रोध (आवाजाचा संकेत बाहेर देणाऱ्या टोकाचा रोध) मात्र अनेकदा जेमतेम एखादा ओहम असतो. तो समांतर जोडला की इंटरकॉमकडून येणारा संकेत हेडसेटमध्ये जाण्याऐवजी त्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये जिरतो. खालच्या मजल्यावरचा नळ पूर्ण उघडला की वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही, तसाच हा प्रकार आहे. समजा, इंटरकॉमचा निर्गम रोध 100 ओहम आणि हेडसेटचा 300 ओहम आहे. अशा वेळी संकेताचा 75 टक्के व्होल्टेज कानापर्यंत पोहोचतो. त्यात 1 ओहमचा अ‍ॅम्प्लिफायर समांतर जोडला, तर तो सुमारे 1 टक्क्यावर येतो. ही घट 37 डेसिबलहून अधिक आहे. पिस्टन इंजिनाच्या विमानात, जिथे कॉकपिटमधला गोंगाट 90 डेसिबलच्या पुढे सहज जातो, तिथे एवढी घट झालेला रेडिओ बंद पडल्यासारखाच असतो.

दुसरी अडचण अशी की पुष्कळ स्वस्त अ‍ॅम्प्लिफायर बोर्डांवर स्पीकरची दोन्ही टोके चालवली जातात आणि त्यांतले कोणतेही ग्राउंड नसते. हेडसेटच्या स्पीकरचे एक टोक मात्र विमानाच्या ग्राउंडला पोहोचलेले असते. दोन्हींची गाठ घातली की बोर्डाचा निर्गम शॉर्ट होतो. आणि साध्या इंटरकॉममध्ये सर्व हेडसेटची सॉकेट एकाच तारेवर समांतर असतात, तेव्हा जोडणी यदाकदाचित चाललीच, तरी आपले गाणे शेजारी बसलेल्या प्रशिक्षकाच्या कानात जाऊ शकते.

‘बॅटरी संपली तर फक्त गाणी थांबतात’ हे विधान मला सर्वांत धोक्याचे वाटते, कारण ते ऐकून माणूस निश्चिंत होतो. वीज नसलेली चिप म्हणजे तुटलेली तार नव्हे. तिच्या निर्गमाशी संरक्षक डायोड असतात आणि बाहेरून येणारा संकेत साधारण अर्ध्या व्होल्टच्या वर गेला की ते वाहू लागतात. 150 ओहमच्या हेडसेटला 50 मिलिवॉट द्यायचे तर सुमारे 2.7 व्होल्ट लागतात, म्हणजे नियंत्रकाच्या आवाजाची शिखरे छाटली जातात आणि आवाज फाटतो. हे घडते ते बॅटरी उतरल्यावर, बहुधा उड्डाणाच्या शेवटी, जेव्हा उतरण्याच्या परवानगीचे शब्द नेमके ऐकू यायला हवे असतात.

फोनवरील संभाषणाचा दावा तर तपासणीत टिकतच नाही. विमानातील हेडसेटच्या मायक्रोफोनला तारेतूनच साधारण 8 ते 16 व्होल्टचा पुरवठा मिळतो, आणि ब्लूटूथ चिपचा मायक्रोफोन आगम (संकेत आत घेणारे टोक) दोन-तीन व्होल्टसाठी बनवलेला असतो. तो त्या तारेवर थेट जोडला तर चिप जळेल किंवा मायक्रोफोन दबेल, आणि मायक्रोफोन दबला म्हणजे नियंत्रकाला आपला आवाज पोहोचणार नाही.

हाक ऐकू येतेच, हेही खरे नाही. रेडिओवरील बोलणे साधारण 300 ते 2500 हर्ट्झमध्ये बसते आणि गायकाचा आवाजही तिथेच असतो. गोंगाटात गाणे ऐकायचे म्हणून ते वाढवले की ते आपल्याच विमानाची हाक झाकते. चांगल्या इंटरकॉममध्ये रेडिओवर आवाज येताच संगीत आपोआप मुके होते आणि काही हेडसेटमध्ये मुके करणे किंवा मिसळणे यांतून निवड करता येते. दोन तारांच्या जोडणीत हे नसते. हजार डॉलरांहून महाग हेडसेटची किंमत नुसती नावाची असते, असे म्हणणाऱ्यांनी हा भाग आणि गोंगाट दाबणारे इलेक्ट्रॉनिक्स हिशेबात धरावे, मग किंमत पटो वा न पटो.

टॅब्लेटवरून येणारी दुसऱ्या विमानाची किंवा डोंगराची सूचना कानात पडणे ही मोलाची सोय आहे, म्हणून ती नीट जोडावी. हेडसेटला किंवा इंटरकॉमला संगीताचे वेगळे आगम असेल, तर रिसीव्हर तिथेच लावावा. हा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे. तसे आगम नसेल, तर विमानाच्या हेडसेटसाठीच बनवलेला अ‍ॅडॉप्टर वापरावा. स्वतःच बनवायचे असेल, तर रेडिओची तार स्पीकरपर्यंत अखंड ठेवून रिसीव्हरचा संकेत छोट्या ऑडिओ ट्रान्सफॉर्मरमधून आणि काही शे ओहमच्या रेझिस्टरमधून आणावा. त्यामुळे गाणे बरेच हळू ऐकू येईल. रेडिओ शाबूत राहण्याची ती किंमत आहे आणि ती द्यावी. लिथियम बॅटरी संरक्षक सर्किटसह घ्यावी आणि उन्हात तापलेल्या विमानात ती चार्ज करू नये.

काम झाल्यावर, इंजिन बंद असताना, बोलणे चालू असलेली एखादी वारंवारता लावून तीन वेळा ऐकावे: रिसीव्हर चालू असताना, बंद असताना आणि त्याची बॅटरी पूर्ण काढलेली असताना. तिन्ही वेळा रेडिओचा आवाज सारखाच आणि स्वच्छ असेल, तरच तो हेडसेट विमानात न्यावा.