खुलासा : हर-टू प्रोटीन निरोगी पेशींतही असतं

‘हर-टू हे कॅन्सरचंच प्रोटीन, निरोगी पेशीत ते नसतंच. रिपोर्टमध्ये हे नाव दिसलं की काय ते समजून जा,’ असा मेसेज फिरतो आहे. तो चुकीचा आहे. रिपोर्ट हातात घेऊन बसलेल्या माणसाची त्याने झोप उडते, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

स्तनाच्या निरोगी पेशींच्या आवरणावरही हर-टू थोड्या प्रमाणात असतं. वाढीचा निरोप पेशीच्या आत पोचवणं हे त्याचं काम. काही कर्करोगांत त्याच्या जनुकाच्या दोनाऐवजी बऱ्याच प्रती तयार होतात आणि प्रोटीन भरमसाट वाढतं. म्हणजे फरक आहे तो प्रमाणाचा.

तपासणीतही तेच बघतात. गाठीचा अतिशय पातळ काप काचपट्टीवर घेऊन त्यावर हर-टूला चिकटणारी अँटिबॉडी सोडतात. प्रोटीन असेल तिथे तपकिरी रंग चढतो. रंग किती चढला त्यावरून 0 ते 3+ असा गुण देतात. 3+ म्हणजे पॉझिटिव्ह : पेशींच्या कडा गडद आणि सलग दिसतात, जाळी विणल्यासारख्या. 0 किंवा 1+ म्हणजे निगेटिव्ह. 2+ आलं तर निर्णय होत नाही. मग बहुधा फिश तपासणी करून जनुकाच्या प्रती मोजतात.

आणि कृपा करून हे नीट वाचा : निगेटिव्ह म्हणजे ‘कॅन्सर नाही’ असं नव्हे. निदान आधीच झालेलं असतं, ही तपासणी औषध ठरवण्यासाठी असते.

अमेरिकेत 1998 मध्ये मान्यता मिळालेलं ट्रास्टुझुमॅब हे औषध याच प्रोटीनला चिकटतं. हृदयाच्या स्नायूपेशींनाही हर-टू लागतं, त्यामुळे औषधाचा हृदयावर परिणाम होत नाही ना हे बघायला उपचार चालू असताना डॉक्टर ठरावीक काळाने इको (हृदयाची सोनोग्राफी) करायला सांगतात. ती टाळू नका.