अठ्ठेचाळीस इंच

अविनाश मुलीकडे अमेरिकेला जाऊन आला त्याला बरीच वर्षं झाली. पण एक मेचा कामगार दिन जवळ आला की लालबागच्या आमच्या कट्ट्यावर तो एक विषय काढतोच: तिथल्या छोट्या गावात पाहिलेलं 'द वे वी वर्क्ड' हे प्रदर्शन. स्मिथसोनियन संस्था मुद्दाम लहान गावांतून अशी प्रदर्शनं फिरवते. यातले फोटो तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारातले. अमेरिकेतला माणूस दीडशे वर्षं कुठे आणि कसा राबला, ते दाखवणारे.

परवा संजूनं त्याला अडवलंच. "फोटो लावून कामगाराचं काय भलं झालं रे? शिकागोत १८८६ साली माणसं आठ तासांसाठी रस्त्यावर उतरली, म्हणून एक मे आला. न्यूयॉर्कच्या ट्रँगल कारखान्यात १९११ साली आगीत १४६ जण गेले, बहुतेक तरुण पोरी. एका जिन्याचं दार कुलूपबंद होतं! तेव्हा कुठे सरकार हललं."

"लुईस हाइनचं ऐक," अविनाश म्हणाला. "हा शाळामास्तर. १९०८ पासून बालमजुरीविरोधी समितीसाठी कॅमेरा घेऊन गिरण्या पालथ्या घालत होता. आत घेत नसत, म्हणून कधी बायबल विकणारा बनून जायचा. पोराचं डोकं आपल्या कोटाच्या कितव्या बटणाला लागतं ते बघायचा आणि खिशातल्या खिशात टिपून घ्यायचा. साउथ कॅरोलायनात लँकेस्टरच्या सूतगिरणीतली एक पोर, सहा महिने कामावर. उंची अठ्ठेचाळीस इंच." त्यानं उभं राहून शर्टाच्या चौथ्या बटणावर बोट टेकवलं. "एवढी."

"आणि कायदा कधी झाला?"

"१९१६ ला. तो सुप्रीम कोर्टानं १९१८ ला उडवला. टिकला तो १९३८ चा."

"तीस वर्षं! तोवर त्या पोरीचं बालपण गेलं की गिरणीत."

संजूचा संताप मला कळतो. त्याचे वडील गिरणीत बदली कामगार होते. ८२ च्या संपानंतर घर पुन्हा सावरलं नाही. लढल्याशिवाय कायदा होत नाही, हे त्याचं शंभर टक्के खरं. तरी मी अविनाशच्या बाजूचा. आमच्याकडे लहान मुलं नाहीतच, असं म्हणणाऱ्या गिरणीमालकाला त्या अठ्ठेचाळीस इंचांपुढे काय बोलता येणार?

अविनाशला मात्र भिंतीवरच्या फोटोंपेक्षा कोपऱ्यातलं टेबल जास्त आठवतं. अशा प्रदर्शनाला जोडून त्या त्या गावानं आपलाही इतिहास मांडायचा असतो. तिथे एका म्हाताऱ्यानं वडिलांचा जेवणाचा डबा आणून ठेवला होता, झाकणाला पोचा आलेला. येणाऱ्या प्रत्येकाला तो स्वतः उभा राहून त्याची हकिगत सांगत होता.

संजू बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आमच्या आबांचं हजेरीकार्ड आहे अजून घरी."

"नाव वाचता येतं?"

"नंबर ठळक आहे. नाव पेनानं घातलंय, पुसट झालंय."

"उद्या घेऊन ये," अविनाश म्हणाला.